निकालाचा फळा आणि जनरल रजिस्टर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा 'आपल्या नगरीतील सार्वजनिक माध्यमिक शाळांची गुणवत्ता' असे काहीसे भारदस्त नाव त्यांच्या मनात होते. मी त्यांना म्हटले, गुणवत्ता हा शब्द वापरून वापरून फार झिजला आहे. मला दोन साध्या वस्तूंविषयी बोलू द्या. एक निकालाचा फळा आणि दुसरी जनरल रजिस्टर नावाचे जाड पुस्तक. पहिली वस्तू आपण सर्वांनी पाहिलेली आहे. दुसरी शाळेच्या कचेरीत, लोखंडी कपाटात असते आणि दाखला काढायला जाणाऱ्याखेरीज तिचे दर्शन सहसा कोणाला होत नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, शाळेची खरी कुंडली ह्या दुसऱ्या वस्तूत असते. आणि आपली नगरी मात्र पहिलीवरच भविष्य सांगत बसते.

आता फळाही तसा राहिलेला नाही. पूर्वी निकालाच्या दिवशी मुले फळ्याभोवती गर्दी करीत, बोट फिरवीत क्रमांक शोधीत. हल्ली निकाल मोबाइलवर कळतो आणि फळ्याची जागा चौकातल्या फलकाने घेतली आहे. भोसरीपासून निगडीपर्यंत रस्त्याने जा, जून महिन्यात दर शंभर पावलांवर 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' तुम्हांला भेटते. त्यावर संस्थाचालकांचे छायाचित्र मोठे आणि मुलांची लहान असतात, ते असो.

मी ह्या टक्केवारीचा शत्रू नाही. ज्या शाळेची निम्मी मुले नापास होतात तिथे काहीतरी बिघडले आहे, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. पण टक्केवारी ही वस्तू किती नाजूक आहे ते एकदा नीट पाहू. राज्य मंडळाचे आकडे सांगतो. 2018 साली शालान्त परीक्षेचा निकाल शेकडा 89.41 लागला. 2019 साली तो 77.10 वर आला. 2020 साली एकदम 95.30 झाला आणि 2021 साली 99.95. चार वर्षांत महाराष्ट्रातील मुले आधी मंद झाली, मग हुशार झाली आणि शेवटी सगळीच्या सगळी प्रज्ञावंत निघाली, असे कोणी म्हणेल काय? झाले होते ते इतकेच की, 2019 साली भाषा आणि समाजशास्त्रे ह्या विषयांतील शाळेच्या हातचे 20 गुण काढून घेतले होते, अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी ते 20 गुण परत दिले, शिवाय करोनामुळे भूगोलाची उत्तरपत्रिकाच लिहावी लागली नाही. आणि 2021 साली तर परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि दहावीचे शाळेतील मूल्यमापन ह्यांवरून निकाल लावावा लागला. 2025 साली हाच आकडा 94.10 होता. तापमापक बदलला म्हणून रोग्याचा ताप उतरला, असे आपण म्हणत नाही. निकालाच्या बाबतीत मात्र खुशाल म्हणतो.

मंडळ निकाल जाहीर करताना नियमित विद्यार्थी, खासगी विद्यार्थी आणि पुनर्परीक्षार्थी असे तीन ढीग निराळे करते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतो तो नियमितांचा ढीग. पुनर्परीक्षार्थींचा आकडा पुष्कळच खाली असतो आणि तो आतल्या पानावरच्या चौकटीत बसतो. ह्या तीन ढिगांची आठवण ठेवा, मला पुढे तिचा उपयोग आहे.

आता आपल्या नगरीकडे वळतो. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना आला. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ मोटारींचे आणि स्कूटरांचे कारखाने आले. 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली. 1982 साली महानगरपालिका. 1991 च्या शिरगणतीत इथे सुमारे पाच लाख माणसे होती. 2011 साली ती सव्वासतरा लाखांवर गेली. वीस वर्षांत तिपटीहून अधिक! ही पाळण्यातून वाढलेली वस्ती नव्हे, ही एस. टी.तून उतरलेली वस्ती आहे. लातूर, बीड, नांदेड, धाराशिव, सोलापूर, बुलढाणा, खानदेश, आणि अलीकडे त्याच्याही पलीकडचे बिहार आणि उत्तर प्रदेश. आपल्यापैकी कित्येकांचे वडील अशाच एका ट्रंकेनिशी इथे उतरले असतील.

परंतु त्या उतरण्यात आणि आजच्या उतरण्यात एक फरक आहे आणि शाळेच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. अँटिबायोटिक्सच्या वसाहतीतला कामगार घ्या. नोकरी कायम, कंपनीचे घर कायम, म्हणून मुलाची शाळाही कायम. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने चालवलेली शाळा वसाहतीतच. पहिलीत गेलेले पोर त्याच झाडाखालून दहावी होऊन बाहेर पडे. पुढे काम उत्तरेकडे सरकत गेले. 2007 साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन थांबले. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण तोवर मोटारींचे गाव होऊ लागले होते. आज महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी ह्या गावांत शेतकऱ्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांत राहणारा माणूस बहुधा ठेकेदाराकडचा. काही महिने झाले की त्याला 'ब्रेक' मिळतो. हा शब्द आपल्या भागातले शेंबडे पोरही जाणते. ब्रेक मिळाला की खोली बदलते, खोली बदलली की शाळा बदलते. आणि कधी कधी शाळा बदलायची राहूनच जाते.

जनरल रजिस्टर इथे बोलू लागते. ह्या पुस्तकात प्रत्येक मुलाला एक ओळ असते. अनुक्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. आणि ओळीच्या उजव्या टोकाला, शाळा सोडल्याची तारीख व शाळा सोडण्याचे कारण. मी ज्या शाळेत नोकरी केली तिचे नाव घेत नाही, कारण त्यात तिचा विशेष असा काही नाही. निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी ते रजिस्टर घेऊन बसलो आणि उजवीकडचे ते शेवटचे रकाने वरपासून खाली वाचत गेलो. 'दहावी उत्तीर्ण' असे पुष्कळ ठिकाणी होते. 'पालकांचे स्थलांतर' असेही बरेच. 'सतत गैरहजर' होते. पण सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारे कारण दुसरेच होते. ते म्हणजे 'पालकांच्या विनंतीवरून'. ओळीमागून ओळी, पालकांच्या विनंतीवरून! आणि तारखा पाहाव्या तर पुष्कळशा एप्रिल-मे-जूनमधल्या, इयत्ता नववी.

नववीत असे काय होते की पालकांना एकदम विनंती करण्याची बुद्धी व्हावी?

बंधूंनो, ही विनंती पालक करीत नाहीत. ती त्यांच्याकडून करवून घेतली जाते. एप्रिलमध्ये मुलाच्या बापाला बोलावतात. तो रात्रपाळी करून तांबडे डोळे घेऊन येतो. त्याला सांगतात, पोराचे गणित फार कच्चे आहे, दहावीला बसवले तर नापास होईल, वर्ष फुकट जाईल. त्यापेक्षा दाखला घ्या आणि 'सतरा नंबर' भरा. सतरा नंबर म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. ही सोय फार चांगली आहे. संसारात अडकलेल्या बायका, लहानपणी शाळा सुटलेले कामगार, ह्यांच्यासाठी ती केली गेली आणि हजारोंनी तिचा लाभ घेऊन आपली अडलेली वाट मोकळी केली. पण पंधरा वर्षांच्या, शाळेत रोज येणाऱ्या मुलाला ती सोय दाखवणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे पुस्तक देण्यासारखे आहे. शाळा सुटली, बाई सुटल्या, बाकावरचा मित्र सुटला. उरला फक्त अर्ज. आणि शाळेला काय मिळाले? तो मुलगा पहिल्या ढिगातून दुसऱ्या ढिगात गेला. त्याचे नापास होणे आता शाळेच्या खाती पडणार नाही.

उदाहरणासाठी काही आकडे कल्पू. एका शाळेत आठवीत शंभर मुले होती. नववीच्या अखेरीपर्यंत ह्या ना त्या वाटेने चाळीस गळाली. दहावीला साठ बसली, अठ्ठावन्न पास झाली. निकाल शेकडा 96 च्या वर, फलक लागला. शेजारच्या शाळेतही आठवीत शंभरच होती. तिथल्या मुख्याध्यापकाने हट्टाने नव्वदांना दहावीत नेले, त्यांतली बहात्तर पास झाली. निकाल शेकडा 80. ह्या मुख्याध्यापकाला वरून खुलासा मागवला जातो, आणि पालकसभेत लोक त्याला सांगतात की बघा, पलीकडच्या शाळेकडून काही शिका. पण शंभरांपैकी पहिल्या शाळेने अठ्ठावन्न मुले पलीकडच्या तीरावर पोचवली आणि दुसरीने बहात्तर. फलक कोणाचा लागायला हवा होता?

ह्यात नवे काही नाही. 1929 साली हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत हीच गोष्ट सांगितली होती, आणि आपल्या भाषेत त्या दोन रोगांना 'गळती' आणि 'स्थगिती' अशी नावे मिळाली. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले जे. पी. नाईक ह्यांनी आयुष्यभर ह्याच हिशेबाचा पाठपुरावा केला: पटावर किती आले ते सांगू नका, शेवटपर्यंत किती टिकले ते सांगा. फरक इतकाच की, तेव्हाची गळती पहिली-दुसरीत होती. आज ती सरकत सरकत नववीच्या उंबऱ्यावर येऊन बसली आहे.

ती तिथेच का बसली ह्यालाही कारण आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला, 2010 च्या एप्रिलपासून अमलात आला, आणि त्याचे छत्र आठवीपर्यंत, चौदा वर्षांपर्यंत. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असा दंडक होता. 2019 साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीस परीक्षेची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने 2023 साली ती घेतली, तरी मूळ छत्र तिथपर्यंतच आहे. दुपारचा शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. सरकारी योजनेतली फुकट पुस्तके आठवीपर्यंत. गणवेश आठवीपर्यंत. त्यापुढे जे मिळते ते त्या त्या संस्थेच्या ऐपतीवर आणि मर्जीवर. जूनमध्ये मूल नववीत जाते तेव्हा त्याच्या ताटातली खिचडी, हातातली पुस्तके आणि डोक्यावरचा कायदा ही तिन्ही एकाच दिवशी काढून घेतली जातात, आणि त्याच दिवसापासून आपण त्याला सांगू लागतो की, बाबा रे, आता मात्र मनापासून अभ्यास कर. भूक लागलेल्या पोराचे मन कुठे असते हे आपल्या आयांना विचारा.

एखादा म्हणेल, नसेल एखाद्याला अभ्यासात गती. सगळ्यांनी दहावी व्हायलाच हवे काय? दुसऱ्या एखाद्या गावी हा प्रश्न मी चर्चेला घेतला असता. आपल्या गावी घेणार नाही. कारण ह्या पट्ट्यात दहावीचे प्रमाणपत्र हा कारखान्याचा गेटपास आहे. मोरवाडीच्या आपल्या महानगरपालिकेच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्हायचे, टर्नर व्हायचे, मशिनिस्ट व्हायचे, तर दहावी पास पाहिजे. पुढे शिकाऊ उमेदवारी, पुढे ऑपरेटर. ज्याच्याजवळ तो कागद नाही तो ठेकेदाराचा हेल्पर, आणि वीस वर्षांनीही हेल्परच. त्याचे गुण किती आहेत हे फाटकावर फारसे कोणी विचारीत नाही. पास आहे की नाही, हे विचारतात. पस्तीस गुणांनी पास झालेल्या आणि नववीतून दाखला घेतलेल्या मुलांच्या आयुष्यात जितके अंतर पडते, तितके पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव टक्क्यांच्या मुलांत पडत नाही. आणि आपले सगळे लक्ष, सगळी बक्षिसे, सगळे सत्कार कुठल्या अंतरावर खर्च होतात? पंच्याऐंशी ते पंच्याण्णव. आपल्या महानगरपालिकेने तर तिच्या शाळांतून नव्वद टक्क्यांवर गुण मिळवणाऱ्या मुलांना लाख रुपयांपर्यंत बक्षीस देण्याची पद्धत पाडली. मला तिचा आनंदच आहे. झोपडीतल्या मुलीच्या हाती लाख रुपये पडणे ही लहान गोष्ट नव्हे. पण सहामाहीत गणितात अठरा मिळवणाऱ्याला वार्षिकात छत्तीसपर्यंत नेणाऱ्या शिक्षकाला साधा नारळ तरी आपण कधी दिला आहे काय?

ह्या मुलांचा दिवस कसा जातो ते आता सांगतो, कारण अभ्यास दिवसात बसतो, टक्केवारीत नव्हे. कारखाने पाळ्यांवर चालतात. आपल्या पुष्कळ शाळाही जागेअभावी सकाळ-दुपार अशा सत्रांत चालतात, म्हणजे त्याही पाळ्यांवरच. दहा बाय दहाची खोली. बापाची पहिली पाळी असली की घर पहाटे पाचला उठते. दुसरी असली की तो मध्यरात्रीनंतर येतो, तोवर आई जागी, म्हणून दिवा चालू, म्हणून सगळेच अर्धवट झोपेत. आणि रात्रपाळी असली की बाप दिवसा झोपतो. त्या आठवड्यात खोलीत मोठ्याने वाचायचे नाही, पाढे म्हणायचे नाहीत, भांडे पाडायचे नाही. मुले ओट्यावर, जिन्यावर, नाही तर रस्त्यावर. मुलींचे आणखी निराळे. 2019 च्या नोव्हेंबरपासून नगरीत नळाला दिवसाआड पाणी येऊ लागले. आमच्या हजेरीपुस्तकात मुलींच्या उशिरा येण्याची लाल खूण एक दिवस सोडून एक दिवस पडू लागली, आणि ह्याचे कारण कळायला आम्हा पदवीधरांना तीन आठवडे लागले.

माझ्या एका सहकारी बाईंनी मात्र एक साधी युक्ती केली. त्यांनी आपल्या वर्गाच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक जादा रकाना आखला आणि त्यात दर सोमवारी घरातल्या पाळ्या लिहू लागल्या. बाप अमुक पाळीत, आई तमुक वेळी कामाला. ज्याच्या घरी त्या आठवड्यात रात्रपाळी, त्याला पाठांतराचे काम नाही, लेखनाचे. ज्याच्या घरी दुसरी पाळी, त्याला पहाटे उठून करायचे असे काही नाही. आणि दिवसा घर झोपलेले असलेल्या सात-आठ मुलांसाठी त्या शिपायाच्या हातापाया पडून शाळा सुटल्यावर एक वर्ग साडेसहापर्यंत उघडा ठेवीत. जादा तास नव्हे. शिकवणे काही नाही. फक्त एक दिवा, एक बाक आणि पाय पसरायला जागा. चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. पण त्या वर्गातून नववीच्या अखेरीस एकाही पालकाने 'विनंती' केली नाही, हे मी रजिस्टरात माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

अभ्यासाबरोबर विद्यार्थिजीवन म्हणून जे काही असते, त्याचीही कत्तल दहावीच्या नावाने चालते. भोसरी हे कुस्ती-कबड्डीचे गाव. तिथल्या मातीत वाढलेले पोर शाळेत येते ते पुष्कळदा मैदानासाठी येते. त्याला वर्गात बसवणारी दोरी मैदानातून निघालेली असते. दहावी आली की आपण पहिला वार त्या दोरीवर करतो. खेळ बंद, स्नेहसंमेलन बंद, सहल बंद. दहावीचे वर्ष आहे! वस्तुतः मंडळच खेळातल्या आणि चित्रकलेतल्या प्रावीण्याबद्दल वाढीव गुण देते, म्हणजे मंडळाला जे कळते ते आम्हांला कळत नाही. स्नेहसंमेलनात पडदा ओढणारा, खुर्च्या वाहणारा, नाटकात शिपायाच्या कामात एकच वाक्य बोलणारा मुलगा असतो ना, वर्षभरातले ते एक वाक्य त्याला शाळेला बांधून ठेवते. गणिताच्या तासाला तो कोणीच नसतो. त्या दिवशी तो कोणीतरी असतो.

भाषेचेही सांगायला हवे, पण थोडक्यात सांगतो. घरी गोरमाटी, वडारी, कानडी किंवा भोजपुरी, वस्तीत हिंदी, पुस्तकात प्रमाण मराठी, आणि गणित-विज्ञान सेमी-इंग्रजीतून. चार भाषांचे ओझे वाहणाऱ्या मुलाला आपण भाषेत कच्चा म्हणतो. मला तर तो आपल्यापेक्षा तीन भाषांनी पुढे वाटतो. पण उत्तरपत्रिकेत एकच तपासली जाते, त्याला इलाज नाही.

आता एक थोडे अप्रिय बोलतो. कोठारी आयोगाने 1966 साली अहवाल दिला त्यात शेजारशाळेची कल्पना होती. एका वस्तीतली सगळी मुले, साहेबाची आणि शिपायाची, वस्तीतल्या एकाच शाळेत जावी. ती कल्पना कागदावर राहिली. ह्या सभागृहात आपण तीन-चारशे माणसे बसलो आहोत. बहुतेक सर्व सुशिक्षित, बहुतेकांच्या घरी पुस्तकांचे कपाट. आपल्यापैकी किती जणांची मुले किंवा नातवंडे महानगरपालिकेच्या माध्यमिक विद्यालयात आहेत? हात वर करू नका, मला कोणाला ओशाळे करायचे नाही. ज्याने त्याने आपल्या लेकराचे हित पाहावे, हे स्वाभाविक आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की, ज्या पालकाला मुख्याध्यापकाला प्रश्न विचारता येतो तो त्या शाळेत राहिला नाही. आणि जो राहिला त्याला 'इथे सही करा' म्हटले की तो सही करतो. 'पालकांच्या विनंतीवरून' हे दोन शब्द त्या सहीवर उभे आहेत.

म्हणून माझे मागणे असे की, तुमची मुले तिथे नसली तरी प्रश्न तुम्ही विचारा. ही शाळा तुमच्या करातून चालते; तुम्हांला तो अधिकार आहे. निकालाच्या दिवशी नगरसेवकांनी, वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी, पालकसंघाच्या लोकांनी टक्केवारी जरूर विचारावी. पण लगेच पुढे विचारावे की, ह्या दहावीतली मुले दोन वर्षांपूर्वी आठवीत होती तेव्हा पट किती होता? आणि जी आज ह्यांत नाहीत ती कुठे आहेत? मुख्याध्यापक भला असेल तर त्याला हा प्रश्न फार आवडेल, कारण आजवर त्याच्या त्या कामाबद्दल त्याला कोणी विचारलेलेच नाही. जो बावरेल त्याच्या कपाटातले रजिस्टर मागवावे. जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, 2015 पासून ती लगेच घेतात म्हणून वर्ष वाचते; नापास झालेल्या मुलांसाठी त्या मधल्या पाच-सहा आठवड्यांत शाळेचा एक वर्ग आणि दोन निवृत्त शिक्षक मिळाले तर पुष्कळ होते. ह्या सभागृहात निवृत्त शिक्षक किती आहेत ते मी येतानाच मोजले आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि थांबतो. पालकसभा शाळा शनिवारी सकाळी किंवा रविवारी ठेवतात, आणि मग 'आमचे पालक येतच नाहीत' म्हणून तक्रार करतात. आपल्या भागात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे नगरीत राहणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे; शाळांच्या वेळापत्रकाला मात्र ते अजून ठाऊक नाही. जूनच्या मध्यास शाळा उघडतील. नववीच्या पालकांची पहिली सभा त्या महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी, संध्याकाळी सहाला ठेवून पाहावी.